घरबसल्या दहा मीटर: खान्देशातल्या दूरस्थ एअर रायफल स्पर्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदुरबारहून रावेरला जाऊन परत यायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि दहा मीटरवरून चाळीस छर्रे मारायला लागतो एक तास. शहादा, शिरपूर, अमळनेर, चोपडा, पाचोरा, भुसावळ अशा गावांत या खेळाची आवड असलेले लोक आहेत, पण प्रत्येक गावात दोघं किंवा तिघंच. सगळ्यांना नेमबाजीच्या एका रेंजवर जमवणं नोकरी, शेती आणि लग्नसराईत जमत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाने आपापल्या घरी खेळायचं आणि कार्डं एकत्र मोजायची, असं ठरवलं. असा गट जमवू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न वारंवार येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

दूरस्थ स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

सगळ्यांनी एकच टार्गेट, एकच अंतर आणि एकच वेळमर्यादा पाळायची, पण प्रत्येकाने आपल्या गावी, आपल्या सोयीच्या दिवशी खेळायचं. भोकं पडलेली कार्डं एकमेकांकडे पाठवायची आणि गुणांची यादी लावायची. शेजारच्या माणसाशी बरोबरी लावून खेळण्याची धडधड यात थोडी कमी असते. तरी हातातलं कार्ड उद्या भुसावळचा माणूस भिंगातून बघणार आहे हे माहीत असलं, की शेवटच्या पाच छऱ्यांना हात कापतोच.

हे असं कुठे होतं का, की आपणच काढलेलं आहे?

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्रजीत तिला पोस्टल मॅच म्हणतात, कारण कार्डं टपालाने जायची. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातला ड्यूअर चषकाचा पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीच्या) रायफलचा सामना १९०९ पासून याच रीतीने सुरू झाला. दोन्ही संघ आपापल्या देशात खेळायचे, समुद्र ओलांडायची ती कार्डं. २०२० च्या टाळेबंदीत रेंजेस बंद पडल्या तेव्हा भारतातूनच ऑनलाइन आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली गेली होती, खेळाडू आपापल्या घरात इलेक्ट्रॉनिक टार्गेटसमोर उभे होते. आणि घरी नेम धरण्याचंच म्हणाल, तर २००८ साली बीजिंगला १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अभिनव बिंद्रासाठी घरच्यांनी घरीच रेंज बांधून दिली होती. आपल्याकडे तशी रेंज नाही. पण दहा मीटर तेवढेच आहेत.

कोणती बंदूक चालते? परवाना लागतो का?

फक्त ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट १७७ ची एअर रायफल. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या एअर गनची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर जात नाही, तिला परवाना लागत नाही. मोठ्या बोअरची किंवा जास्त ताकदीची असेल तर ती परवान्याखाली येते, आणि ती आमच्या स्पर्धेत नको.

२० जूल म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण २८३ मीटर वेगाने सुटला की २० जूल होतात. स्पर्धेसाठी बनवलेल्या रायफलीतून छर्रा साधारण १७५ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा ८ जूलच्या आसपास. कागदाला भोक पाडायला तेवढी पुष्कळ झाली. जास्त ताकदीची बंदूक घेतली म्हणून नेम चांगला लागत नाही, उलट धक्का वाढतो, आवाज वाढतो आणि छर्रा अडवायची पेटी जाड करावी लागते. खरेदीची पावती आणि बंदुकीची माहितीपत्रिका जपून ठेवा. ऊर्जा किती हे त्या पत्रिकेत लिहिलेलं असतं, आणि कोणी विचारलं तर तोच कागद दाखवायचा असतो.

माझ्याकडे पॉइंट टू-टू आहे, आजोबांची बारा बोअर आहे. त्यावर खेळलं तर?

नाही. काडतुसाचं कोणतंही हत्यार या स्पर्धेत नाही, परवाना असला तरी नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. तो प्रकार पॉइंट टू-टूचा आहे आणि तो मान्यताप्राप्त रेंजवरच खेळायचा असतो. शेतातला बांध ही रेंज नव्हे.

पोलिसांना कळवावं लागतं का?

स्वतःच्या बंद घरात, परवानामुक्त एअर रायफलने कागदावर सराव करायला आम्ही वेगळी परवानगी घेत नाही. पण बंदूक रस्त्यावर न्यायची वेळ आली तर परिस्थिती बदलते. निवडणुका आणि सणांच्या आधी जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात शस्त्र किंवा इजा करता येईल अशी वस्तू बाळगून फिरायला बंदी असते, आणि 'माझी तर छऱ्याची आहे' हे तिथे उत्तर होत नाही. असे आदेश पेपरात येतात, ते वाचायची सवय ठेवा. दूरस्थ स्पर्धेचा मोठा फायदाच हा, की बंदूक घराबाहेर काढावी लागत नाही. दुरुस्तीला न्यायचीच असेल तर रिकामी, पेटीत बंद करून, पावतीसह.

शेजाऱ्यांना मात्र आधी सांगाच. दुपारच्या शांततेत फटफट आवाज आला आणि खिडकीतून नळी दिसली तर कोणीही घाबरेल, आणि त्यात त्यांची चूक नाही. एकदा घरी बोलवा, टार्गेट दाखवा, चहा पाजा. आमच्या गल्लीत तर नंतर शेजारच्या काकू ओट्यावरून विचारायला लागल्या, "आज कितला लागनात रे भाऊ?"

घरात जागा कुठे काढायची?

जुन्या वाड्याचं लांब दार ते परसदार, कापूस रिकामा झालेलं गोदाम, पत्र्याचा शेड, इमारतीखालचं बंद पार्किंग यांपैकी काहीही चालेल. अट एक: छर्रा ज्या दिशेला जातो तिथे, आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, एकही दार किंवा खिडकी अशी नको की जिच्यातून कोणी अचानक आत येईल. असलेलं दार आतून कडी लावून बंद करा. घरातल्या माणसांना लक्षात राहत नाही, लहान मुलं तर पळतच येतात, आणि कोंबडी-कुत्र्याला कडीशिवाय कोणीच अडवू शकत नाही.

गच्चीवर खेळू नका. गच्चीवरून चुकलेला छर्रा काहीशे मीटर जातो, आणि तो कुठे पडला हे आपल्याला दिसत नाही. मोकळ्या शेतातही नको. मागे बांध आहे म्हणून भागत नाही. उन्हाळ्यात बांधाची माती दगडासारखी होते आणि तिच्यात खरेच दगड असतात, त्यावरून छर्रा कुठेही उडतो.

छर्रे अडवायची पेटी कशी करायची?

इथे वेळ खर्च करा. बंदूक कमी किमतीची असली तरी चालेल, पेटी कच्ची चालणार नाही.

आमच्याकडे चाललेली पेटी अशी: साधारण दीड फूट बाय दीड फूट, एक फूट खोल लाकडी खोकं. मागच्या बाजूला आतून ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा. खोक्यात जुनी लुगडी, गोधड्यांच्या चिंध्या, फाटक्या जीन्स घट्ट दाबून भरायच्या, इतक्या घट्ट की बोट आत जाऊ नये. पुढून केळीच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकायचा. रावेर, यावल, सावद्याकडच्यांना हा पुठ्ठा मागायचीही गरज नाही, घरात पडलेलाच असतो. पुठ्ठ्यावर टार्गेट लावायचं. छर्रा पुठ्ठा फोडून चिंध्यांत थांबतो, पत्र्यापर्यंत बहुतेक पोचत नाही. पत्रा आहे तो एकाच जागी शेकडो छर्रे बसून चिंध्या भुगा होतात, त्या दिवसासाठी.

नुसता लोखंडी पत्रा उभा करून त्यावर मारू नका. सपाट पत्र्यावर सरळ आदळलेला छर्रा सरळच परत येतो. पत्रा वापरायचाच असेल तर वरची कड तुमच्याकडे झुकवून ४५ अंशांत लावा आणि खाली वाळूचा ट्रे ठेवा, म्हणजे तुकडे खाली पडतात. जाड लाकडी फळीवरूनही छर्रा उसळून परत येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच, खेळणाऱ्याच्याही आणि बघणाऱ्याच्याही. नंबरचा चष्मा पुरेसा धरू नका. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडरवाले वापरतात तो पारदर्शक गॉगल मिळतो, तो घ्या.

पेटीच्या मागे भिंत असावी, आणि पेटीपेक्षा मोठी एक जुनी गोधडी तिच्यामागे टांगावी. नवखा माणूस पेटीलाही चुकतो.

दर पाचशे छऱ्यांनी पेटी उघडून चिंध्या हलवा. छर्रे शिशाचे असतात, त्यांचा भुगा हाताला लागतो. खेळताना काही खायचं नाही, नंतर हात साबणाने धुवायचे, आणि झाडलेलं शिसं डब्यात भरून भंगारवाल्याला द्यायचं. गोठ्यात किंवा चाऱ्याजवळ ते सांडू देऊ नका.

घरात दहा मीटर होत नाहीत. सात मीटरवर छोटं टार्गेट लावलं तर?

कल्पना बरोबर वाटते, पण गणित आडवं येतं. आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छऱ्याच्या भोकाची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा. आता सात मीटरवर हीच अवघडता ठेवायची तर ही सूट पावणेदोन मिलिमीटर व्हायला हवी. पण छऱ्याची त्रिज्याच सव्वादोन मिलिमीटर आहे! ठिपका शून्यापेक्षा लहान करावा लागेल. ९ मीटरला ठिपका नाहीसाच होतो, त्याच्या आत हे टार्गेट प्रमाणात छोटं करता येतच नाही.

म्हणून आधी दहा मीटर शोधा. बैठकीच्या खोलीतून, मधल्या दारातून, स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत अशी तिरपी रेषा पुष्कळ घरांत निघते. नाहीच निघाली तर आम्ही सात मीटरवाल्यांची वेगळी यादी लावतो. टार्गेट तेच मोठं, पण त्यांचे गुण दहा मीटरवाल्यांशी मिसळत नाहीत.

अंतर मोजायचं ते पायाच्या रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत, आणि पोलादी टेपने. फुटांत ते ३२ फूट पावणेदहा इंच होतं. सुती दोरी ताणली की वाढते, तिच्यावर भरवसा नको. जमिनीवर रंगाची रेघ ओढून ठेवा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच असावा.

टार्गेट घरी छापता येतं का?

येतं, पण बहुतेक घोटाळे इथेच होतात. पहिल्या फेरीत एका मित्राचे गुण अचानक घसरले. तो म्हणे साइट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) बिघडली. कार्ड हातात आल्यावर पट्टी लावली तर काळं वर्तुळ २९.३ मिलिमीटर भरलं, असायला हवं ३०.५. सायबर कॅफेतल्या प्रिंटरने फाइल पानात बसवण्यासाठी गुपचूप लहान केली होती. त्याने सबंध फेरी लहान टार्गेटवर खेळली, आणि आम्हाला ती फेरी त्याच्यासाठी पुन्हा ठेवावी लागली.

तेव्हापासून नियम केला: छापताना आकार १०० टक्के, 'पानात बसवा' हा पर्याय बंद, आणि पहिली प्रत निघताच मोजमाप. काळं ३०.५ मिलिमीटर, सगळ्यात बाहेरचं एकचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटर. दोन वर्तुळांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. दोन्ही दिशांनी मोजा, काही प्रिंटर एकाच दिशेने ओढतात.

कागद साधा झेरॉक्सचा नको. पातळ कागद फाटतो, भोकाची कड फुलासारखी उलगडते आणि आठ की नऊ यावर भांडण होतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जाड मॅट कार्डशीट मिळतं, तेच घ्या. चकचकीत कागद नको, त्यावर उजेड चमकतो. आता आम्ही सगळ्यांसाठी एकाच छापखान्यातून एकदम छापून घेतो आणि एसटी पार्सलने किंवा टपालाने पाठवतो. एका पानावर दहा काळी, प्रत्येकात एकच छर्रा. एकात दहा मारले की भोकं एकमेकांत मिसळतात आणि कोणालाच काही मोजता येत नाही.

कोणते छर्रे घ्यावेत?

सपाट डोक्याचे. ते कागदात नाणं कापल्यासारखं गोल भोक पाडतात. टोकदार आणि गोल डोक्याचे छर्रे कागद ढकलून फाडतात, मग मोजायला त्रास. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एकाच डब्यातले वापरा, कारण डबा बदलला की कधीकधी ठिकाणही बदलतं. दोन-तीन कंपन्यांचे छोटे डबे आणून बंदूक टेकवून प्रत्येकी पाच-पाच मारून बघा; कोणत्या बंदुकीला कोणता छर्रा मानवतो हे तिलाच विचारावं लागतं.

कोणाकडे साधी स्प्रिंगची बंदूक, कोणाकडे महागडी पीसीपी (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी). बरोबरी कशी?

तीन याद्या आहेत: ओपन साइट (उघडी खाच आणि माशी), पीप साइट (बारीक छिद्रातून बघायची), आणि दुर्बीण लावलेली. तिन्हींत उभं राहूनच मारायचं. पाठीच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यामुळे उभं राहता येत नसेल त्यांच्यासाठी खुर्चीवर बसून खेळायची चौथी यादी आहे, तिच्यात आमचे एक सत्तरीचे अण्णा नियमित खेळतात.

एका यादीतही फरक राहतोच, म्हणून आम्ही भरपाईचे गुण देतो. पहिल्या दोन फेऱ्यांची सरासरी काढायची, ४०० पैकी ती जितकी कमी असेल त्याचे ८० टक्के गुण पुढच्या फेरीत मिळवायचे. ३४० सरासरी असेल तर कमी पडले ६०, भरपाई ४८. मूळ गुणांची यादी वेगळी, भरपाईची वेगळी. दुसऱ्या यादीमुळे नवखे टिकतात. पहिल्या वर्षी ती नव्हती आणि तिसऱ्या फेरीपर्यंत निम्मे लोक गळाले होते.

स्प्रिंगवाल्यांना एक सल्ला: बंदूक करकचून धरू नका. स्प्रिंग सुटताना ती पुढे-मागे हलतेच, तिला दरवेळी सारखीच हलू द्या. जत्रेत फुगे फोडताना सगळे तिला आवळून धरतात, ती सवय इथे सोडावी लागते.

एक फेरी प्रत्यक्षात कशी होते?

महिन्याच्या १ ते २५ तारखेत कोणताही दिवस निवडा. सुरू करण्याआधी गटावर 'सुरू करतो' असा निरोप टाका. संयोजक त्या दिवसापुरता एक आकडा पाठवतो. तो चारही पानांवर पेनने लिहायचा, तारीख घालायची, पानं पेटीवर लावून एक फोटो काढायचा. मग १५ मिनिटं तयारी आणि सराव, सरावाचं पान वेगळं. त्यानंतर ४० छर्रे, ६० मिनिटांत. एकदा मोजणीचे छर्रे सुरू झाले की सरावाच्या पानावर परत जायचं नाही. संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत चारही पानांचे फोटो.

घरातलं किंवा शेजारचं एक मोठं माणूस साक्षीदार म्हणून हजर असावं आणि त्याने पानांवर सही करावी. साक्षीदाराला नेमबाजी कळली पाहिजे असं नाही. त्याचं पहिलं काम सुरक्षा बघणं. 'थांबा' असं तो म्हणाला की बोट ट्रिगरवरून काढून नळी पेटीकडेच ठेवायची, कारण नंतर विचारायचं. टार्गेट बदलायला पुढे जाताना बंदूक उघडी, रिकामी, खाली ठेवलेली.

वीज जाते हे धरून चला. टार्गेटवर भरपूर उजेड लागतो, आंतरराष्ट्रीय नियमांत तो किमान १५०० लक्स आहे. बॅटरीवरचा एक चांगला एलईडी दिवा टार्गेटपासून बाजूला, छऱ्याच्या वाटेबाहेर ठेवा. मध्येच अंधार झाला तर घड्याळ थांबवून गटावर कळवा, वीज आली की पुढे सुरू.

फोटोवरून गुण बरोबर मोजता येतात?

अंदाजे येतात. निकाल मात्र खऱ्या कार्डावरूनच. फोटो चॅटवर साधा पाठवला की त्याची बारीक रेष पुसली जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइल पानाच्या बरोबर वर, समांतर धरा, बाजूला स्टीलची पट्टी ठेवा.

कार्डं महिनाअखेर टपालाने दुसऱ्या गावी जातात. धुळे-नंदुरबारची कार्डं जळगाव जिल्ह्यातले मोजतात, तिकडची इकडे येतात. आपलं कार्ड आपण मोजायचं नाही, आपल्या गावातल्यानेही नाही. भोकाची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण. शंका असेल तर ४.५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी भोकात हलकेच, एकदाच, सरळ घालायची आणि भिंगातून बघायचं. पुन्हापुन्हा घातली की भोकच मोठं होतं. तरी दोघांचं जमलं नाही तर तिसऱ्या गावाला विचारायचं, आणि त्याचा शब्द शेवटचा.

रिकामं काळं म्हणजे शून्य. एका काळ्यात दोन भोकं असतील तर कमी गुणाचं धरायचं. बरोबरी झाली तर शेवटच्या पानाचे गुण बघायचे, मग त्याआधीच्या पानाचे.

कोणी खोटं केलं तर?

चार पानं जास्त मारून चांगली चार पाठवणं, पाच पावलं पुढे सरकणं हे करता येतं. आकडा, फोटो आणि साक्षीदार यांनी ते अवघड होतं, अशक्य होत नाही. आम्ही यापेक्षा जास्त पहारा बसवला नाही, आणि तसं ठरवूनच केलं. सलग व्हिडिओ मागायला लागलो असतो तर निम्म्यांनी मोबाइल स्टँडच्या भानगडीत खेळ सोडला असता.

एका फेरीत चोपड्याकडच्या एका भाऊने स्वतःहून कळवलं, की अकराव्या छऱ्यानंतर त्याच्या लक्षात आलं, रेघ पुसट झाल्यामुळे तो वीतभर पुढे उभा होता. फोटोत ते दिसलंच नसतं. त्याने फेरी रद्द करून मागितली आणि त्याच महिन्यात पुन्हा खेळला, गुण आधीपेक्षा सात कमी आले. त्यानंतर आमच्या गटात या विषयावर कोणी वाद घातला नाही.

कोणत्या महिन्यांत ठेवावी?

दिवाळी संपल्यापासून होळीपर्यंत. कापूस वेचणीची घाई असलेल्यांना डिसेंबर अवघड जातो, म्हणून मुदत पंचवीस दिवसांची. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये तासभर उभं राहणं हाच धोका आहे. पीसीपीचा सिलिंडर तापला की त्यातला दाब वाढतो. तो उन्हात किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नका. उन्हाळ्यात खेळायचंच तर सकाळी सातच्या आत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीया) आणि कानबाईच्या (श्रावणातला उत्सव) आठवड्यात कोणी खेळत नाही, तेव्हा तारखा त्याप्रमाणे सरकवा.

मुलांना घेता का?

हो, आणि आनंदाने. १८ वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांची लेखी संमती, आणि पूर्ण वेळ शेजारी मोठं माणूस. छर्रा भरताना, मारताना आणि बंदूक ठेवताना तिन्ही वेळा. बंदूक कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली मुलाकडे नाही. मुलींना घरचे आधी बाजूला बसवतात असं अनुभवाला आलं. त्यांना अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं सांगा, तिघी महाराष्ट्राच्याच. तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) जगज्जेती झाली.

प्रवेश फी आणि बक्षीस?

छपाई आणि टपालाचा खर्च सारखा वाटून घेतो, बाकी फी नाही. रोख बक्षीस नाही, पैज नाही. हंगाम संपला की ज्याच्या शेतावर वांगी चांगली असतील तिथे भरीत-पुरीला जमतो, वांगी काट्यांवर भाजून. बंदुका त्या दिवशी घरीच. वर्षभर ज्यांच्याशी फक्त कार्डांतून ओळख असते ती माणसं तिथे पहिल्यांदा भेटतात.

बंदूक तर मी पाखरं हाकलायला घेतली होती. तेही करत राहिलो तर?

तर आमच्या गटात येऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मोर, पोपट यांना छर्रा मारणं हा गुन्हा आहे, आणि छऱ्याने पक्षी बहुतेक वेळा लगेच मरत नाही, जखमी होऊन दोन-तीन दिवस तडफडतो. लहानपणी मीही एक होला पाडला होता. तो हातात गरम होता आणि डोळे उघडे होते, ते अजून आठवतं. ज्वारीवरची पाखरं हाकलायला माळा आणि गोफण पिढ्यानपिढ्या पुरली आहे, आवाज आणि चमकणारी पट्टीही चालते. ज्यांच्या घरी पोरं बंदूक घेऊन शेताकडे निघतात त्यांनी त्यांना आधी एक पान लावून द्यावं. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यात मारणं झाडावरच्या पाखरापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि पोरांना ते एकदा कळलं की ती तासन्‌तास पानासमोरून हलत नाहीत.

इथले गुण खऱ्या स्पर्धेत धरतात का?

नाही. ही हौसेची स्पर्धा आहे, तिला कोणाची मान्यता नाही. तालुका-जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आणि राज्य संघटनेच्या स्पर्धा वेगळ्या, त्यांचे अर्ज आणि नियम वेगळे. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या सामन्यात ६० छर्रे, दशांशात गुण, सगळ्यात चांगला छर्रा १०.९ आणि पूर्ण गुण ६५४. पण इथे सातत्याने ४०० पैकी ३७० च्या वर जाणाऱ्या मुलाला आम्ही सांगतो, की आता चांगल्या रेंजवर जाऊन प्रशिक्षकाला दाखव.

कार्ड टपालात हरवलं तर?

म्हणूनच फोटो. फोटोवरून दोघांनी वेगवेगळे गुण मोजायचे आणि त्यातला कमी धरायचा. कार्डं पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, घडी घालू नका, आणि पाकिटावर 'वाकवू नये' असं मोठ्या अक्षरात लिहा. मोजून झालेली कार्डं ज्याची त्याला परत जातात. पहिलं कार्ड फेकू नका, वर्षभराने ते शेवटच्या कार्डाशेजारी ठेवून बघायला लागेल.